वाजवून न बघता युकुलेले घ्या म्हणे!

कृष्णाकाठ (सांगली)
परवा ‘अजिंक्य_तारा’ यांनी युकुलेलेबद्दल (गिटारसारखं छोटं वाद्य) लिहिलं: ‘नवशिक्याने दुकानात जाऊन युकुलेले वाजवून बघण्यात काय अर्थ? वाजवता येत नाही तर बघणार काय? ऑनलाइन मागवा. सुरुवातीला तारा कुठल्याही चालतात, चारच तर आहेत.’ चारच तर आहेत! दोन दिवस गप्प बसलो, आज बसवत नाही.

पुतणीसाठी मी असंच घरबसल्या मागवलेलं. निळं सोप्रानो (लहान आकाराचं युकुलेले), खोक्यातून काढलं तेव्हा चकाचक. मोकळ्या तारा ट्यूनरवर बरोबर, पण पहिल्या फ्रेटवर (दांडीवरच्या आडव्या पट्टीवर) बोट ठेवलं की सूर चढलेला. नटच्या, म्हणजे दांडीच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या, खाचा उथळ, तार दाबताना बोटं लाल. पोरगी महिनाभर म्हणत होती, ‘काका, मलाच जमत नाही.’ पैसे गेले त्याचं एवढं नाही, या वाक्याचं वाईट वाटतं. दुकानात दोन मिनिटांत कळलं असतं. मोकळी तार छेडायची, मग तीच बाराव्या फ्रेटवर दाबून, वरच्या सप्तकातला तोच सूर लागतो का ऐकायचं. आणि पहिल्या फ्रेटवर दाबून ट्यूनरकडे बघायचं. याला वाजवता यावं लागत नाही.

आणि तारा कुठल्याही? ओळखीच्या एकाने गिटारच्या स्टीलच्या तारा चढवल्या. ताणाने ब्रिज, म्हणजे वाद्याच्या पोटावरची तारा बांधायची पट्टी, उखडून हातात आला.

अजिंक्य_तारा (सातारा)
स्टीलच्या चढवा असं मी कुठं म्हटलं? मूर्खपणा तुमच्या ओळखीच्याचा, बिल माझ्या नावावर.

सांगलीकरांचं बरं असतं, रिक्षात बसलं की मिरज. मी राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत पायपीट केली. एका दुकानात एकच युकुलेले, तेही काचेच्या कपाटात सगळ्यात वर. ‘काढून दाखवा’ म्हटलं तर मालक म्हणाले, ‘घेणार असाल तर काढतो.’ काय वाजवून बघू, काच?

आता मुद्द्याचं. दुकानात लटकलेल्या स्वस्त वाद्यावर कारखान्यातल्याच तारा असतात, मेलेल्या. तुम्ही ऐकता त्या तारा, वाद्य नव्हे. माझ्या कॉन्सर्टचा (सोप्रानोहून मोठ्या युकुलेलेचा) आवाज खोक्यासारखा होता. त्याच वाद्यावर फ्लोरोकार्बनच्या (एका प्रकारच्या प्लास्टिकच्या) तारा चढवल्या तर बायको विचारते, ‘दुसरं घेतलंत?’ पुतणीच्या खाचा म्हणाल तर बारीक कानशीचं काम आहे. वाद्य टाकून देण्याएवढं काही झालं नव्हतं.

मिरजेचा_नाना
आधी नायलॉनच्या दोऱ्याला तार म्हणायचं बंद करा.

शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांना धार लावणाऱ्यांनी, तलवारी सोडून सतारी हातात घेतल्या ते हे गाव. २०२४ साली सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. आणि वाढदिवसाला पोरांना काय हवं, तर हवाईचं खेळणं! आमच्याकडे तानपुरा घ्यायला आलेला गवई आधी कान लावून बसतो, जवारी लावून घेतो (तारा टेकतात ती घोडी घासून गुंजन जमवून घेतो), नाही पटली तर परत खोलायला लावतो. वाजवून न बघता वाद्य घ्यायचं ही भाषाच आमच्या गल्लीत कुणाला कळणार नाही.

हळदीचा_भाव (सांगली)
नाना, नमस्कार. पण तुमच्या गल्लीतले सतारीचे भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, म्हणून सतार मिरजेची नाही असं आपण म्हणतो का? युकुलेलेचं मूळही हवाईचं नाही. १८७९ साली मदेरा बेटावरून पोर्तुगीज मजूर होनोलुलूला उतरले, त्यांच्याबरोबरच्या छोट्या वाद्यावरून ते तिथं घडलं.

आणि दोऱ्याला एवढी नावं ठेवता, तर तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली जीव सरकवता तो कशाचा? सुताचाच ना?

मिरजेचा_नाना
सुतावरून स्वर्ग गाठू नका.

हळदीचा_भाव (सांगली)
म्हणजे बरोबर आहे तर 😄

मिरजेचा_नाना
सुताचा असतो, हो. पण ते सूत तारेला बोलतं करतं. तुमच्या खेळण्यात तारच सुताची. फरक कळत नसेल तर तुमचा हळदीचाच धंदा बरा.

कोयना_एक्सप्रेस (कराड)
भांडण बाजूला ठेवून कुणीतरी सांगा, फ्लोरोकार्बनला एवढे पैसे कशाला? मासे धरायच्या दोरीचाच माल तो. मी शंभर मीटरचं रीळ आणलं. ए आणि ई या सुरांच्या तारा झकास. सी ला तीच दोरी लावली तर लोंबली, वाळत घातलेल्या चड्डीच्या नाडीसारखी.

अजिंक्य_तारा (सातारा)
अहो, चारी तारांची जाडी वेगळी असते! अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास सुरू होते, सी सगळ्यात जाड. एकाच रिळातून चारी कापल्यात? मायक्रोमीटर नसेल तर पाकीट विकत घ्या, उगाच फ्लोरोकार्बनला बदनाम करू नका. तो नायलॉनपेक्षा जड असतो, म्हणून त्याच सुराला बारीक तार पुरते आणि आवाज खणखणीत येतो.

कोयना_एक्सप्रेस (कराड)
मायक्रोमीटर! चार तारांचं वाद्य वाजवायला आता वर्कशॉप टाकू का? म्हणून तर लोक कॅसिओ घेतात.

वर्गवाली_ताई (सातारा)
मी मुलांना शिकवते, त्यामुळे तुमच्या या वादाची फळं दर शनिवारी माझ्या पुढ्यात येतात. बाबा लोक पाकिटावर न बघता बॅरिटोनचा (सगळ्यात मोठ्या युकुलेलेचा) संच आणतात. तो डी-जी-बी-ई, गिटारच्या पहिल्या चार तारांसारखा. कुणी लो जी (चौथी तार खालच्या सप्तकातली) लावून येतं आणि विचारतं, ‘ताई, याचा आवाज युकुलेलेसारखा का नाही?’ कसा असेल? चौथी तार उंच जी ची असते त्यातच तो टुणटुणीतपणा आहे.

आणि एकदा माझंच. गॅदरिंगच्या आदल्या रात्री हौसेने नवीन नायलॉन चढवल्या. नवीन तारा चार-पाच दिवस ताणत राहतात हे मीच मुलांना शिकवते. दुसऱ्या कडव्यात सगळं पाव सूर खाली. पेटीवाले सर माझ्याकडे बघत होते, मी छताकडे. ऑनलाइन घ्या नाही तर दुकानात घ्या, पण तारा बदलल्यावर आठवडाभर कुणासमोर वाजवू नका.

अजिंक्यदादा, वाजवता येत नसेल तर येणाऱ्याला बरोबर न्या. तो वाजवेल, तुम्ही समोर उभं राहून ऐका. मालकाच्या कपाटाला घाबरून सगळ्या दुकानांवर बहिष्कार कशाला?

कृष्णाकाठ (सांगली)
ताई, हेच सांगत होतो, तुम्ही कमी शब्दांत सांगितलंत. अजिंक्यराव, मेलेल्या तारांचं तुमचं मान्य. अर्धं. नव्या तारांनी आवाज बदलेल, बाराव्या फ्रेटचा बेसूर हटणार नाही. कानशीचं मात्र मला माहीत नव्हतं. निळं युकुलेले अजून माळ्यावर आहे, काढून बघतो.

अजिंक्य_तारा (सातारा)
अर्धं का होईना, सांगलीकडून काही सुटलं! खाचेत कानस हलक्या हाताने चालवा, जास्त खोल गेली तर तार फ्रेटवर खरखरेल, मग माझ्या नावाने दुसरा धागा काढाल. रविवारी टेनर (कॉन्सर्टहून मोठं युकुलेले) बघायला मिरजेला येतोय. काढून दाखवणारं दुकान कुणाला माहीत असेल तर सांगा.

मिरजेचा_नाना
या. आधी आमच्याकडे तानपुरा ऐकायचा. मग खेळण्याच्या दुकानात मी स्वतः घेऊन जातो, बघू कोण कपाट उघडत नाही ते.

कोयना_एक्सप्रेस (कराड)
सत्त्याण्णव मीटर दोरी उरलीय. कुणाला मासे धरायचे असतील तर सांगा.