सिंगापूर ते योग्याकार्ता : थेट विमान की जकार्तामार्गे?

नमस्कार मंडळी,

आई-बाबा पुण्याहून माझ्याकडे सिंगापूरला येत आहेत. इंडोनेशियात जावा बेटावरचं बोरोबुदूर हे प्राचीन बौद्ध देऊळ बघायची आईची फार वर्षांची इच्छा आहे, म्हणून इथून त्याच्या जवळच्या योग्याकार्ता शहराला जायचं ठरवलंय. बाबांना मधुमेह आहे, जेवण आणि इन्सुलिनच्या वेळा चुकवून चालत नाहीत. त्यामुळे प्रवासाला घरापासून मुक्कामापर्यंत खरे किती तास लागतील ते मला आधीच कळायला हवंय.

सिंगापूरच्या चांगी विमानतळाहून हवाई अंतर साधारण १२३० किमी, म्हणजे मुंबई-दिल्लीपेक्षा थोडं जास्त. थेट विमानाला सव्वादोन तास लागतात. जावाचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे, म्हणून सकाळी १० ला निघालो तर तिकिटावर पोहोचायची वेळ सव्वाअकरा दिसते. येताना उलट, दुपारी १२ ला निघून सव्वातीन. इथपर्यंत हिशेब जमला.

प्रश्न पुढचा आहे. आमच्या तारखांना थेट विमान दुपारी उशिराचं मिळतंय. जकार्तामार्गे गेलो तर पहाटे निघता येतं आणि तिकीटही स्वस्त पडतं. आईचे गुडघे दुखतात, बाबांचं वर सांगितलंच. तुम्ही काय निवडाल? आणि विमानतळावरून बोरोबुदूरला किती वेळ लागतो? जुन्या लेखांत विमानतळ शहराला अगदी लागून असल्याचं वाचलं.

प्रतिसाद

ताई, थेट विमानच घ्या. सिंगापूर-जकार्ता सुमारे ८८० किमी आणि पुढे योग्याकार्ता सव्वाचारशे किमी, म्हणजे हवेतलं अंतर फारसं वाढत नाही. वेळ जातो तो जमिनीवर. इमिग्रेशन जकार्तालाच होतं. तिथे सामान घ्यायचं, कस्टम्स, बऱ्याचदा टर्मिनल बदलायचं, पुन्हा चेक-इन. दुखऱ्या गुडघ्यांना हे नकोच. आईंसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा. व्हिसा ऑन अरायव्हल ऑनलाइन आधीच काढता येतो, म्हणजे उतरल्यावर त्या रांगेत उभं राहावं लागत नाही.

तुम्ही वाचलेला विमानतळ जुना, आदिसुचिप्तो. २०२० पासून मोठी विमानं कुलोन प्रोगोतल्या नव्या विमानतळावर उतरतात. तो शहराच्या पश्चिमेला सुमारे ४० किमीवर आहे. शहरात जायला विमानतळावरूनच रेल्वे आहे, पाऊण तासाच्या आत तुगू स्टेशन. पण तुम्ही शहरात जाऊच नका. बोरोबुदूर शहराच्या वायव्येला आहे, नव्या विमानतळावरून गाडीने थेट जाता येतं, दीड तास धरा. पहिला मुक्काम तिथेच करा. तिकडे सहाच्या सुमारास अंधार पडतो, तेव्हा दुपारच्या विमानाने गेलात तर त्या दिवशी देऊळ बघायचं मनात धरू नका. सकाळी उन्हाच्या आधी बघा. वर चढायचं तिकीट वेगळं आणि मर्यादित असतं, ते आधी काढा. पायऱ्या उंच आहेत. आईंना जमलं नाही तरी खालून स्तूप छान दिसतो.

प्रंबानन, म्हणजे तिथली प्राचीन हिंदू देवळं, शहराच्या पूर्वेला, ते नंतर. मात्र परतीच्या दिवशी नको, तिथून विमानतळ गाठायला शहर ओलांडावं लागतं, दोन तास सहज जातात.

धागाकर्ती

खूप आभार! थेट विमानच घेते. दुपारी उशिरा उतरून रात्री बोरोबुदूरला पोहोचू, तर बाबांचं जेवण विमानतळावरच उरकावं का? वाटेत शाकाहारी काही मिळत असेल तर नक्की सांगा.