मदत हवी आहे: थॅलेटच्या एलायझा चाचणीत ब्लँकच स्वच्छ येत नाही

नमस्कार.

पाण्यातील डायब्युटिल थॅलेट (प्लॅस्टिक मऊ करण्यासाठी वापरले जाणारे रसायन) मोजण्यासाठी मी स्पर्धात्मक एलायझा (प्रतिपिंडांच्या साहाय्याने, रंगावरून पदार्थ मोजणारी चाचणी) वापरत असून, एका अडचणीवर अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे. हा रेणू इतका लहान आहे की दोन प्रतिपिंडे त्याला एकाच वेळी धरू शकत नाहीत; म्हणून प्रथिनाला जोडलेले थॅलेट प्लेटवर चिकटवलेले असते आणि मोजक्या प्रतिपिंडांसाठी ते व नमुन्यातील मोकळे थॅलेट यांच्यात चढाओढ लागते. रंग येतो तो प्लेटवर बांधल्या गेलेल्या प्रतिपिंडांमुळे. साहजिकच प्रदूषक जितके जास्त, तितका रंग फिका, आणि ब्लँक (थॅलेट नसलेला कोरा नमुना) सर्वांत गडद यायला हवा.

नेमका तोच गडद येत नाही. काचेच्या बाटलीतला बफर (आम्लता स्थिर ठेवणारे द्रावण) वापरलेले वेल (प्लेटवरचे खळगे) शेवटी आम्ल टाकल्यावर भरदार पिवळे होतात. तोच बफर प्लॅस्टिकच्या बाटलीतून घेतला, तर शेजारच्या वेलमधला पिवळा रंग नुसत्या डोळ्यांनाही उतरलेला दिसतो. जे शोधायचे, तेच साहित्यातून द्रावणात झिरपत असावे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातील डीईएचपी या थॅलेटसाठी लिटरमागे ८ मायक्रोग्रॅम हे मार्गदर्शक मूल्य दिले आहे. इतक्या सूक्ष्म पातळीवर शून्यच डळमळीत असेल, तर पुढच्या आकड्यांवर विसंबायचे कसे?

काचसामान मी ४०० अंश सेल्सिअसला भाजून घेतो. तरीही प्रमाण द्रावणांत (तुलनेसाठीची, थॅलेटची ज्ञात मात्रा असलेली द्रावणे) १० टक्के मेथॅनॉल असल्यामुळे ते पिपेटच्या टिपांमधून थॅलेट ओढून घेत असेल, ही शंका जात नाही.

नमुन्यांची गुंतागुंत वेगळीच आहे. तलावाचे पाणी पातळ करत गेल्यास, विरलनाचा गुणक धरून काढलेले प्रमाण घटत जाते. ह्युमिक आम्ल (कुजलेल्या वनस्पतींतून पाण्यात येणारा पदार्थ) प्रतिपिंडाच्या कामात अडथळा आणत असल्याचे ते लक्षण मी मानतो. भूजलात मात्र हे काढलेले प्रमाण वाढत जाते, त्यामुळे तिथे विरलनाच्या हाताळणीतूनच थॅलेट मिसळत असावे असे वाटते. हा तर्क टिकेल का, की दोन्ही गोष्टी वेगळ्या करण्याची याहून खात्रीची रीत आहे?

टिपांऐवजी पूर्णपणे काचेची पिपेट वापरून कुणाचा ब्लँक स्थिरावला आहे का? शिवाय हे प्रतिपिंड डायआयसोब्युटिल थॅलेटलाही काही अंशी बांधते, त्यामुळे निष्कर्ष ‘डायब्युटिल थॅलेट समतुल्य’ म्हणून नोंदवावा, की जीसी-एमएसवर (रेणू वेगळे करून ओळखणारे उपकरण) पडताळणी होईपर्यंत आकडा देऊच नये?