पेम्फिगसमध्ये पेशी आधी सुटतात की आधी मरतात?

प्रश्न (पंचवटी, नाशिक):
माझ्या आईला गेल्या दिवाळीपासून तोंडात फोड येत होते आणि दुधात कुस्करलेली भाकरीसुद्धा तिला गिळवत नव्हती. उष्णता समजून आम्ही चार महिने गुलकंद देत राहिलो, याची हळहळ आजही वाटते. पाठीवर पाण्याचे फोड उठल्यावर बायॉप्सी झाली आणि पेम्फिगस व्हल्गॅरिसचे (शरीराची स्वतःचीच प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडीज, त्वचेवर उलटून फोड येण्याचा आजार) निदान झाले. मी बारावीला जीवशास्त्र शिकवते. प्रतिपिंडे पेशींची जोडणी तोडतात असे एके ठिकाणी वाचले, तर पेशींचा नियोजित मृत्यू, म्हणजे अ‍ॅपॉप्टोसिस, हे कारण असल्याचे दुसरीकडे. यातले आधी काय घडते?

उत्तर १ (निवासी डॉक्टर, त्वचारोग):
जोडणी आधी सुटते, असे माझे मत आहे. डेस्मोग्लीन 3 आणि 1 या प्रथिनांनी त्वचेच्या पेशी एकमेकींना धरून असतात आणि प्रतिपिंडे नेमकी त्यांनाच चिकटतात. रुग्णांची प्रतिपिंडे नवजात उंदरांना टोचली तेव्हा त्यांनाही तसेच फोड आले, हे 1982 मध्येच दाखवले गेले. शक्य झाल्यास आईची स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. तळाच्या पेशी पायाला धरून ओळीने उभ्या दिसतील आणि वरच्या पेशी गोल होऊन फोडाच्या पोकळीत सुट्या पडलेल्या दिसतील, पण त्यांतल्या बऱ्याच पेशींचे केंद्रक शाबूत असेल. औषधाच्या रिअ‍ॅक्शनमुळे होणाऱ्या टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिसमध्ये मात्र बाह्यत्वचेचा पुरा थरच मेलेला असतो.

उत्तर २ (पॅथॉलॉजी, नाशिक रोड):
स्लाइडविषयी दुमत नाही, तरी अ‍ॅपॉप्टोसिस इतक्या सहज बाजूला सारता येणार नाही. पेशीमृत्यू घडवणारी कॅस्पेज नावाची विकरे (एन्झाइम्स) डेस्मोग्लीन 3 सुद्धा कापतात, म्हणजे मृत्यूची यंत्रणा थोडी जरी जागी झाली तरी आधीच सैल झालेली पकड आणखी ढिली होऊ शकते. 2009 मध्ये काही संशोधकांनी यासाठी ‘अ‍ॅपॉप्टोलिसिस’ हा शब्द सुचवला: पेशी आकसणे आणि सुटणे ही दोन्ही कामे तीच विकरे करतात, मग पेशी मरो वा न मरो. मात्र त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगात पी38 हा संदेशवाहक दोनदा उसळलेला दिसला, पहिल्यांदा पकड सुटताना आणि नंतर अ‍ॅपॉप्टोसिसच्या वेळी. त्यामुळे क्रमाविषयी मीही पहिल्या उत्तराच्याच बाजूने आहे. मृत्यू मागून येतो आणि जखम वाढवतो.

प्रश्नकर्ती:
मग आईच्या उपचारात याने काही फरक पडतो का?

उत्तर १:
आज तरी नाही. स्टेरॉइड आणि रिटुक्सिमॅब यांचा रोख प्रतिपिंडांवर आणि ती तयार करण्यामागच्या बी पेशींवर आहे. फोड सुकले तरी स्टेरॉइडची गोळी स्वतःहून बंद करू नका. मात्रा डॉक्टरांनाच हळूहळू कमी करू द्या.