पतसंस्थेचं कार्यालय लिनक्स आणि लिब्रेऑफिसवर न्यायचंय: क्रम कसा ठेवावा?

ताळेबंद (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. नागरी सहकारी पतसंस्थेचं मुख्य कार्यालय, १४ संगणक. सगळे सहाव्या पिढीचे आय३, ४ जीबी रॅम, साध्या हार्ड डिस्क. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. म्हणून लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) आणि लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलऐवजी वापरता येणारं मोफत ऑफिस) यांचा विचार चालू आहे.

कामं अशी: थकबाकीच्या नोटिसा (वर्डचं मेलमर्ज), व्याजाचे आणि तरतुदीचे एक्सेल तक्ते (एक्सलुकअप हे यादीत शोधून जुळणारी किंमत आणणारं सूत्र भरपूर, थोडे मॅक्रो), संचालक मंडळाची इतिवृत्तं. जुनी इतिवृत्तं श्रीलिपी आणि कृतिदेव या जुन्या फाँटांत, नवी मंगलमध्ये. शिवाय टॅली आणि डिजिटल सिग्नेचरचं टोकन. प्रिंटर कॅनन एलबीपी २९०० आणि एचपी १०२०.

सुरुवात कुठून करावी? आणि मार्चअखेर तोंडावर असताना हे काढावं का?

सुकाणू

मार्चअखेरीआधी अजिबात नको. फेब्रुवारी ते एप्रिल कशालाही हात लावू नका.

दुसरं, दोन्ही गोष्टी एकदम बदलू नका. आधी ऑफिस, मग ऑपरेटिंग सिस्टिम. मे महिन्यात आहे त्याच विंडोजवर लिब्रेऑफिस टाका आणि सगळ्यांना त्यावर काम करू द्या. दोन्ही एकाच दिवशी बदललं की नोटिशीची ओळ खाली सरकली तर दोष फाँटचा, प्रिंटर ड्रायव्हरचा की फाइलचा, हे कुणालाच कळत नाही आणि खापर लिनक्सवर फुटतं. जर्मनीच्या श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याने २०२४ मध्ये सुमारे ३०,००० संगणकांसाठी हाच क्रम जाहीर केला: आधी लिब्रेऑफिस, नंतर लिनक्स. वार्षिक सभा सप्टेंबरअखेर उरकते, म्हणजे ऑक्टोबरपासून मिंट बसवायला मोकळा वेळ मिळेल. तोवर विंडोज १० चे सुरक्षा अपडेट वाढवून मिळतात का ते बघा, नाहीतर ज्या संगणकांना इंटरनेट लागत नाही त्यांचं बंद ठेवा.

१४ पैकी १४ हलवायचा हट्ट सोडा. टॅली आणि टोकनसाठी विंडोज ११ चालेल असे दोन संगणक वेगळे ठेवा. टॅली वाइनवर (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर) चालवायच्या फंदात पडू नका. लिनक्सवरून टॅलीच्या संगणकावर रिमोट डेस्कटॉपने जायचं असेल तर रेमिना हा प्रोग्राम पुरतो, पण समोरचं विंडोज प्रो हवं, होम नको. शिवाय एका वेळी एकालाच बसता येतं. दुसरा शिरला की पहिल्याचा पडदा लॉक होतो.

बाकीच्यांना मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती, २४० जीबी एसएसडी आणि रॅम ८ जीबी. रॅम घेण्याआधी डबा उघडून बघा. सहाव्या पिढीच्या बोर्डांवर डीडीआर४ आणि डीडीआर३एल दोन्ही सापडतात, आणि एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही.

काना_मात्रा

तुमचं सगळ्यात मोठं काम इतिवृत्तांचं आहे. तिथे सावकाश जा.

श्रीलिपी आणि कृतिदेवमधला मजकूर कॉम्प्युटरच्या लेखी मराठी नसतोच. आत रोमन अक्षरांचे क्रमांक असतात, फाँट फक्त त्यावर देवनागरी चित्रं चढवतो. फाँट नाही तर समोर निरर्थक रोमन अक्षरं दिसतात, म्हणजे फाइल बिघडलेली नसते. परवाना असेल तर टीटीएफ फाइलवर डबल-क्लिक करून तो मिंटमध्येही बसतो आणि जुनं कागदपत्र दिसू लागतं. पण शोध, स्पेलचेक, नावांची वर्गवारी यातलं काहीच त्यावर चालत नाही. म्हणून नवं लेखन आजपासून फक्त युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असलेल्या पद्धतीत. जुन्यातलं जे पुन्हा पुन्हा उघडतं तेवढंच (पोटनियम, ठरावांचे नमुने) कन्व्हर्टरमधून काढा, बाकीचं पीडीएफ करून ठेवा.

कन्व्हर्टरनंतर चार गोष्टी डोळ्यांनी तपासा: रफार, पहिली वेलांटी, ऱ्य-ऱ्ह आणि आकडे. 'कर्जदार'चा रफार शेजारच्या अक्षरावर जातो, 'निधी'ची पहिली वेलांटी मागच्या शब्दाला चिकटते. आकड्यांवर विशेष लक्ष ठेवा. काही जुन्या फाँटांत कंस, टक्केवारी आणि अंक यांच्या जागा वेगळ्या असतात, आणि ठरावातली रक्कम चुकली तर ती शुद्धलेखनाची चूक राहत नाही.

आता मंगल. हा मायक्रोसॉफ्टचा फाँट आहे, मिंटमध्ये येत नाही. त्याच्या जागी नोटो किंवा लोहित येतो. मंगलच्या ओळीची उंची मोठी असल्यामुळे तीन पानांचं इतिवृत्त अडीच पानांवर येतं आणि सह्यांची जागा मागच्या पानावर सरकते. उपाय: परिच्छेदाच्या शैलीत ओळींमधलं अंतर 'फिक्स्ड' करा, १२ पॉइंट अक्षराला साधारण १८ ते २०. मग फाँट कुठलाही आला तरी पान हलत नाही.

टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस अँड लोकेल्समध्ये कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट (देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) चालू करून भाषा 'मराठी' निवडा, 'हिंदी' नको. ज्या फाँटात सोय आहे त्यात ल आणि श ची मराठी वळणं भाषा मराठी असेल तरच उमटतात. रायटरच्या (लिब्रेऑफिसमधलं वर्ड) शैलीत रोमन आणि देवनागरीचे फाँट वेगवेगळे ठरवायचे असतात. फक्त वरचा बदलला की मराठी मजकूर जागचा हलत नाही आणि माणूस गोंधळतो.

टायपिंगसाठी आयबस-एम१७एन हे कीबोर्डच्या मांडण्या पुरवणारं पॅकेज बसवा. मराठी इनस्क्रिप्ट, फोनेटिक, रेमिंग्टन सगळं त्यात आहे. टायपिंगच्या परीक्षा दिलेल्या लिपिकांना रेमिंग्टनच द्या, या घाईत इनस्क्रिप्ट शिकायला लावू नका. इनस्क्रिप्टवाल्यांनी 'ऱ्य' असा काढायचा: शिफ्टसह जे, मग डी, मग स्लॅश. साध्या र ने काढला तर 'कोऱ्या'चा 'कोर्या' होतो.

रकाना

एक्सलुकअपबद्दल. हे लिब्रेऑफिसमध्ये २४.८ पासून आलं. फिल्टर, सॉर्ट, युनिक, लेट हीसुद्धा त्याच आवृत्तीत. मिंट २२ बरोबर येतं ते २४.२. त्यामुळे तुमचे तक्ते उघडतील, पण त्या खान्यांत '#NAME?' ही चूक दिसेल. सूत्र चुकलेलं नसतं, आवृत्ती जुनी असते. मिंटमधलं लिब्रेऑफिस पूर्ण काढा आणि सॉफ्टवेअर मॅनेजरमधून फ्लॅटपॅक (मिंटपासून स्वतंत्र, नवी पॅकेज) आवृत्ती घ्या. दोन्ही ठेवलीत तर डबल-क्लिकवर कधी जुनं उघडेल, कधी नवं.

सगळ्या संगणकांवर लोकेल (आकडे आणि तारखा कुठल्या देशाच्या पद्धतीने लिहायच्या ती सेटिंग) 'इंग्लिश (इंडिया)' ठेवा. अमेरिकन लोकेलवर १,२३४,५६७ दिसतं, भारतीयवर १२,३४,५६७. तारखांचं त्याहून महत्त्वाचं. बँकेकडून आलेली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी फाइल) अमेरिकन लोकेलवर उघडली की ०५/०४ ची मेची चार तारीख होते आणि २५/०४ मजकूर म्हणून पडून राहते. अर्धा रकाना डावीकडे, अर्धा उजवीकडे चिकटलेला दिसला की हेच झालंय समजा. आयातीच्या खिडकीत खालच्या नमुन्यात तारखेच्या रकान्यावर क्लिक करून प्रकार 'डेट (डीएमवाय)' निवडा. पूर्ण मजकूर होऊन बसलेला रकाना डेटा मेनूतल्या टेक्स्ट टू कॉलम्सने तसाच सुधारतो. पण जी मेची चार तारीख होऊन बसली, तिच्यासाठी फाइल पुन्हा आयात करणं हाच सुरक्षित मार्ग.

व्याजाच्या तक्त्यांसाठी कॅल्कच्या (लिब्रेऑफिसमधलं एक्सेल) फॉर्म्युला पर्यायांत 'फाइल उघडताना फेरगणना' नेहमीसाठी चालू करा. एरवी एक्सेलने साठवलेली जुनी उत्तरं तशीच दिसू शकतात. हाताने करायची तर कंट्रोल, शिफ्ट, एफ९.

मॅक्रो: रेकॉर्ड केलेले साधे बहुतेक चालतात. ॲक्टिव्हएक्सची बटणं आणि पॉवर क्वेरी चालत नाही. तरतुदीच्या तक्त्यात मॅक्रो असेल तर आधी तो नक्की काय करतो ते कागदावर लिहा. बऱ्याचदा ते काम साध्या सूत्राने किंवा पिव्हट टेबलने होतं.

ताळेबंद

@रकाना, @काना_मात्रा, फार मोलाचं. नोटिसांचं मेलमर्ज जसंच्या तसं चालेल का? आणि प्रिंटर?

सुकाणू

मेलमर्जची जोडणी वर्डमधून येत नाही, एकदा नव्याने करावी लागते. थकबाकीची यादी ओडीएसमध्ये (कॅल्कची स्वतःची फाइल), पहिल्या ओळीत रकान्यांची नावं. ती डेटा सोर्स म्हणून नोंदवा. रायटरमध्ये कंट्रोल, शिफ्ट, एफ४ ने यादी वर उघडते. रकान्याचं शीर्षक धरून नोटिशीत योग्य जागी सोडलं की फील्ड तयार. छापताना 'फॉर्म लेटर छापायचं का' असं विचारतं, तिथे हो म्हणा. यादीची फाइल नंतर दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली तर जोडणी तुटते, म्हणून जागा आधीच पक्की करा.

एचपी १०२० चालतो, पण एचपीएलआयपीबरोबर (एचपीचा लिनक्स ड्रायव्हर) एचपीचं प्लगइनही घ्यावं लागतं. या प्रिंटरच्या पोटात फर्मवेअर राहत नाही, प्रत्येक वेळी चालू केल्यावर संगणकाकडून जातं. प्लगइन नसेल तर प्रिंटर दिसतो, छपाईचं काम जातं, कागद मात्र हलत नाही.

कॅनन २९०० वर वेळ घालवू नका. त्याचा लिनक्स ड्रायव्हर फार जुना आहे आणि ६४ बिटवर रडतखडत चालतो. तो टॅलीच्या विंडोज संगणकाला जोडा, बाकीच्यांनी शेअर्ड फोल्डरमध्ये पीडीएफ टाकून तिथून छापावं. नवा घ्याल तेव्हा एअरप्रिंट किंवा पोस्टस्क्रिप्ट लिहिलेला घ्या, वेगळा ड्रायव्हर बहुधा लागत नाही.

काना_मात्रा

शेअर्ड फोल्डरवरून आठवलं. वीज गेली की लिब्रेऑफिसची लॉक फाइल मागे राहते आणि दुसऱ्या दिवशी 'फाइल अमुकने उघडली आहे' असं येतं. त्या माणसाकडे खरंच उघडी नाही ना ते विचारा, मग कंट्रोल-एचने लपलेल्या फाइली दाखवून बिंदूने सुरू होणारी लॉक फाइल काढा. मूळ फाइलची प्रत करून काम पुढे रेटू नका, नाहीतर एकाच इतिवृत्ताच्या दोन आवृत्त्या होतात आणि सही कुठल्यावर झाली ते शोधत बसावं लागतं.