मालिकांतल्या पोलीस-गाड्यांच्या प्रतिकृती : छंद की केस पिकल्यावरचा पोरखेळ?

शनिवारचा मेकॅनिक (ओहायो)

गेल्या आठवड्यात 'लोखंडी वारसा' यांनी येथे लिहिले की, जुन्या अमेरिकी मालिकांतल्या पोलीस-गाड्यांच्या प्रतिकृती करणारे लोक म्हणजे केस पिकलेली पोरे आहेत. ते हाती आलेल्या चांगल्या गाडीचे वाटोळे करतात आणि जे पोलीस कधी जन्मालाच आले नाहीत त्यांची आरती करतात. त्या मजकुराखाली माना डोलावणाऱ्यांची रांग लागली. ती पाहून दोन दिवस गप्प बसलो, आता बसवत नाही.

माझे शेजारी निवृत्त गृहस्थ आहेत. गेली चार वर्षे ते अमेरिकन मोटर्स (एएमसी) कंपनीची १९७२ ची मॅटाडोर 'अ‍ॅडम-१२' या लॉस एंजेलिसच्या पोलिसांवरच्या जुन्या मालिकेतल्या गाडीसारखी घडवत आहेत आणि मी दर शनिवारी त्यांना पाने, पक्कड आणि चहा पुरवतो. ही गाडी त्यांना एका शेतावरच्या कोठारात मिळाली, तेव्हा पायाखालचा पत्रा गंजून जमीन दिसत होती आणि मागच्या सीटमध्ये उंदरांच्या तीन पिढ्या नांदून गेल्या होत्या. चार दारांची मॅटाडोर संग्राहकांना नको असते. ज्याला त्याला दोन दारांची गाडी हवी. ती बनवणारी कंपनी १९८७ मध्ये क्रायस्लरच्या पोटात गेली. ही मालिका कोणाच्या मनात घर करून नसती, तर ती गाडी केव्हाच भंगारवाल्याच्या काट्यावर चढली असती. मग वाटोळे कोणी केले म्हणायचे?

'जन्मालाच न आलेले पोलीस' हेही अर्धेच खरे आहे. १९६८ ते १९७५ या काळात १७४ भागांमध्ये मालिकेतल्या मॅलॉय आणि रीड या शिपायांच्या जोडीने आधी प्लिमथ बेल्व्हेडिअर, मग सॅटेलाइट आणि शेवटी मॅटाडोर चालवली, आणि लॉस एंजेलिसचे खरे पोलीसही तेव्हा ४०१ घन इंच इंजिनाची मॅटाडोर चालवत होते. वायरलेसवरून त्या दोघांना हाक मारणारा आवाज शॅरन क्लॅरिज यांचा होता, आणि या बाई त्याच पोलीस दलात प्रत्यक्ष तेच काम करत होत्या.

छताला दिव्यांसाठी भोके पाडायचा दिवस मी विसरणार नाही. मालिकेतले एक दृश्य थांबवून, पडद्यावर फूटपट्टी धरून, दाराच्या रुंदीशी प्रमाण काढून आम्ही छतावर चिकटपट्टीची फुली मारली होती. शेजाऱ्यांनी ड्रिल हातात घेतले, खाली ठेवले, आत जाऊन पाणी पिऊन आले आणि पुन्हा माप घेतले. फुली पाऊण इंच चुकली होती. पोरखेळात कोणी पाऊण इंचासाठी सबंध सकाळ घालवत नाही.

लोखंडी वारसा (मिशिगन)

पाऊण इंचासाठी सकाळ घालवतात ती पोरेच असतात, साहेब. गोट्या खेळताना वितीने मापे घेऊन आम्ही याहून मोठी भांडणे केली आहेत.

आपल्या शेजाऱ्यांची मॅटाडोर कोठारात सडत होती, हे मान्य. पण आपण एका उंदरांनी खाल्लेल्या गाडीवरून सगळ्या छंदाला निर्दोष ठरवता, तेव्हा माझीही एक गोष्ट ऐका. आमच्या घरापासून अर्ध्या तासावर एका आजीबाईंच्या अंगणात १९७७ ची प्लिमथ फ्युरी उभी होती. त्यांच्या यजमानांनी ती लिलावात घेतली होती आणि त्याआधी ती खरोखर एका काउंटीच्या (जिल्ह्याच्या) शेरीफकडे, म्हणजे तिथल्या पोलीसप्रमुखाकडे, धावत होती. दारावरचा तारा काढून वर पांढरा रंग मारला होता, पण सकाळचे ऊन तिरपे पडले की त्या रंगाखालून ताऱ्याच्या कडा आणि काउंटीच्या नावाची पहिली तीन अक्षरे उमटायची. पुढच्या काचेच्या डाव्या खांबावर सर्चलाइटचे भोक रबरी बुचाने बुजवलेले होते. मी सहा महिने पैसे साठवत होतो. तेवढ्यात एका हौशी गृहस्थाने ती नेली, दारे पत्र्यापर्यंत घासली आणि त्यांवर 'हॅझर्ड काउंटी' असे रंगवून घेतले. म्हणजे जी काउंटी नकाशावर आहे तिचे नाव खरवडून, जी कुठेच नाही तिचे नाव लिहिले! याला आपण जतन म्हणता?

ज्या 'द ड्यूक्स ऑफ हॅझर्ड' मालिकेसाठी हे केले, तिने १९७९ ते १९८५ या काळात नायकांच्या नारिंगी चार्जर गाड्या तीनशेच्या आसपास खपवल्या, हे तिचे चाहते छाती फुगवून सांगतात. त्यांच्या मागे धावताना तळ्यात आणि खड्ड्यात पडणाऱ्या शेरीफच्या फ्युरी आणि मोनॅको गाड्यांसाठी मात्र कोणी दोन आसवे गाळत नाही. उरल्यासुरल्या आता प्रतिकृतीवाले संपवत आहेत.

कॅरोलायनाकर

वारसासाहेब, सगळ्यांना एकाच दाव्याला बांधू नका. आमच्याकडे माउंट एअरी या गावी, म्हणजे 'द अँडी ग्रिफिथ शो' या जुन्या मालिकेचे नायक अँडी ग्रिफिथ यांच्या जन्मगावी, त्या मालिकेतल्या मेबेरी गावाच्या शेरीफसारख्या फोर्ड गॅलक्सी गाड्यांतून पर्यटकांना फिरवतात. छतावर एक लाल दिवा आणि दारावर तारा, एवढाच काय तो साज. या साध्या घरगुती गाड्यांपासून केलेल्या आहेत. त्यांत कोणत्याही शेरीफचा इतिहास खरवडलेला नाही. माझे वडील साताऱ्याहून आले होते, त्यांना इंग्रजी मालिकेतले ओ की ठो कळत नव्हते, तरी ते त्या गाडीतून उतरायला तयार नव्हते.

लीड्सची सूनबाई

आमच्या यॉर्कशायरमध्ये गोथलँड नावाचे खेडे आहे, तेथे 'हार्टबीट' मालिकेचे चित्रीकरण होत असे. मालिका १९९२ ते २०१० ची, तिच्यातला काळ १९६० च्या दशकातला, आणि गाडी निळी-पांढरी फोर्ड अँग्लिया. मागची काच उलट्या दिशेने कललेली असल्यामुळे ती गाडी लांबूनही ओळखू येते. आता पाहा, मालिकेतली अँग्लिया हीच मुळात तीस वर्षांपूर्वीच्या पोलीस-गाडीचे सोंग होती. तिच्यासारखी गाडी उभी करून जे फोटो काढले जातात, ते प्रतिकृतीच्या प्रतिकृतीचे फोटो. आमच्या गल्लीत एक निवृत्त शिपाई राहतात. त्यांनी तरुणपणी अशी गाडी खरोखर चालवली आहे. मी त्यांना कौतुकाने फोटो दाखवला, तर ते म्हणाले, "यात माझे गुडघे स्टिअरिंगला लागत, ते कुठे दिसते का?" मला तरी प्रतिकृतीची मर्यादा याहून नेमकी सांगता येणार नाही.

कोथरूडचे काका

तुमचे ओहायो आणि यॉर्कशायर राहू द्या बाजूला. पोलिसांसारखी दिसणारी गाडी खासगी माणसाच्या हाती देणेच मुळात चूक आहे, आणि ते किती चूक आहे हे पाहायचे असेल तर आमच्या सोसायटीच्या वाहनतळावर या. एक सद्गृहस्थ काचेमागे 'पोलीस' अशी लाल-निळी पाटी ठेवतात. मागच्या काचेशी टोपी आणि काठी अशी मांडलेली असते, जणू देवघरात टाक मांडले आहेत. चौकशी केली तेव्हा कळले की, पोलिसात आहे तो त्यांचा मेहुणा, आणि तोही नागपूरला! हे गृहस्थ माझ्या जागेत गाडी लावतात आणि मी हटकले तर पाटीकडे बोट दाखवतात. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवेसुद्धा उतरवले गेले, पण ही पाटी कोणी उतरवत नाही. प्रतिकृतीवाल्यांचे कौतुक करणाऱ्यांनी आधी याचे उत्तर द्यावे.

शनिवारचा मेकॅनिक

काका, आपल्या वाहनतळाचा आणि 'अ‍ॅडम-१२' चा संबंध मला कळला नाही.

कोथरूडचे काका

तो कळत नाही म्हणूनच तुम्ही छताला भोके पाडत बसला आहात.

वाईचा बहुरूपी

काकांना उत्तर मी देतो. लहानपणी आमच्या दारात बहुरूपी येत असे. खाकी कपडे, कमरेला पट्टा, हातात वही, आणि "तुमच्या नावाचे वॉरंट आहे, चला चौकीवर" अशी आरोळी. आजी आतून ओरडायची, "थांब रे बाबा, तांदूळ आणते." एवढा कडक पोलीस, पण त्याला कोणी भ्यायले नाही, कारण आपण सोंग आहोत हे सांगणे हाच त्याच्या सोंगाचा भाग होता. काकांचा शेजारी सोंग करत नाही, तो फसवणूक करतो. पन्नास वर्षांपूर्वीची मॅटाडोर घेऊन कोणी रस्त्यावर आले, तर तिला पाहून कोणता शहाणा माणूस परवाना काढून दाखवेल?

लोखंडी वारसा

मी दाखवला आहे, म्हणून विचारू नका. रात्रीचे अकरा, पाऊस, मागे गोल दिव्यांची जोडी आणि छतावर लाल प्रकाश. मी गाडी कडेला घेतली, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि पाच मिनिटे तसाच बसलो. गाडीतला इसम प्रदर्शनातून घरी चालला होता आणि त्याला 'गंमत' करायची होती. खाली उतरून तो हसला. इतक्या वर्षांनंतरही आमच्यासारख्या रंगाच्या माणसाला अशा वेळी घशाला कोरड पडते, हे आपल्या वाईच्या बहुरूप्याला तांदळाच्या वाटीतून दिसायचे नाही.

वाईचा बहुरूपी

हा प्रसंग वाईट आहे, आणि परवान्याचे माझे वाक्य मी मागे घेतो. मात्र एका मूर्खावरून सगळे मोजायचे नसतात, हेही आपल्याला कोणीतरी सांगायला हवे.

शनिवारचा मेकॅनिक

वारसासाहेब, त्या इसमाची बाजू मी घेणार नाही. जो हे काम मनापासून करतो तो रस्त्यावर निघताना दिव्यांवर कापडी खोळ चढवतो. आमची खोळ शेजाऱ्यांच्या पत्नीने जुन्या ताडपत्रीची शिवली आहे. कॅलिफोर्नियात तर पोलिसांसारखी काळी-पांढरी रंगवलेली गाडी बाळगण्यावरच कायद्याचे निर्बंध आहेत. चित्रीकरणाच्या गाड्यांना सवलत मिळते ती दारांवर तशी पाटी लावल्यावर.

दिव्यांचा विषय निघालाच आहे तर प्रतिकृतींत सर्वांत जास्त चुकणारी गोष्ट सांगतो. लोक हौसेने छतावर गरगर फिरणारा दिवा लावतात. लॉस एंजेलिसच्या त्या गाडीवर डब्यासारखे दोन दिवे होते; पुढे पाहणारा लाल प्रकाश स्थिर असे, आणि लुकलुकत असे तो मागे तोंड केलेला पिवळा. कॅलिफोर्नियाच्या कायद्याला पुढून १००० फुटांवरून दिसणारा, न लुकलुकणारा लाल दिवा लागतो, त्यातून ही मांडणी आली. मागचा पिवळा दिवा येणाऱ्या वाहनांना जपून जा म्हणून सांगणारा. आम्ही पहिल्यांदा तारा जोडल्या तेव्हा लाल दिवेसुद्धा लुकलुकू लागले, आणि शेजारी म्हणाले, "हे पोलीस नाहीत, ही लग्नाची वरात आहे." सगळे उसवून पुन्हा जोडायला दोन शनिवार गेले.

लोखंडी वारसा

वरातच आहे ती. घोड्याऐवजी मॅटाडोर एवढाच फरक.

मीरा, पासाडेना

आपण सगळे दिव्यांत इतके रमला आहात की, ते कोणावर रोखले होते हे विचारायचे राहिले. लॉस एंजेलिसमधल्या वॉट्स भागात ऑगस्ट १९६५ मध्ये राज्याच्या महामार्ग पोलिसांनी एक गाडी अडवली, तिथून दंगल पेटली आणि ३४ माणसे मेली. त्यानंतर तीन वर्षांनी, त्याच शहराच्या पोलीस दलाच्या सहकार्याने, दोन सभ्य आणि समजूतदार शिपायांची ही मालिका सुरू झाली. या गाडीची हुबेहूब नक्कल करताना तिच्याबरोबर ती सभ्यताही जशीच्या तशी उचलली जाते, हे माझे खरे दुखणे आहे. माझ्या शेजारच्या कृष्णवर्णीय आजोबांना ही गाडी प्रदर्शनात दिसली, तेव्हा ते वळसा घालून गेले. त्यांनी तिचे दिवे मोजले नाहीत.

शनिवारचा मेकॅनिक

याला माझ्याकडे उत्तर नाही. एवढेच सांगतो की, शेजारी प्रदर्शनात गाडीपुढे जो फलक ठेवतात त्यावर मालिकेचे नाव आधी आहे आणि पोलीस दलाचे नंतर, बारीक अक्षरात. ते पुरेसे नाही, हे मला कळते.

लीड्सची सूनबाई

वारसासाहेबांना एक प्रश्न विचारायचा राहिला. फोर्डने १९७६ मध्ये 'स्टार्स्की अँड हच' या पोलीस-मालिकेतल्या लाल ग्रॅन टोरिनोसारख्या, पांढऱ्या पट्ट्याच्या सुमारे हजार गाड्या स्वतःच्या कारखान्यातून विकल्या. कारखान्यानेच केलेली ही प्रतिकृती तुमच्या हिशेबात अस्सल की नक्कल? स्टार्स्कीचे काम करणाऱ्या पॉल मायकेल ग्लेझर यांना ती गाडी मुळीच आवडत नसे, पण चाहत्यांनी त्यांचे काही चालू दिले नाही.

लोखंडी वारसा

कारखान्यातून रंगून आलेली गाडी अस्सल; पट्टा नंतर मारलेली नक्कल. त्यात विचार करण्यासारखे काही नाही. शिवाय गुप्त पोलिसाने असल्या रंगाची गाडी चालवावी, हा विनोद ज्यांनी केला ते निदान स्वतःला गंभीर समजत नव्हते.

कोथरूडचे काका

माझ्या पाटीचे काय झाले?

वाईचा बहुरूपी

काका, मेव्हण्याच्या नावाने एक वॉरंट काढून पाठवतो. तांदूळ तयार ठेवा.

लोखंडी वारसा

मेकॅनिकसाहेब, कोठारातल्या मॅटाडोरबद्दल मी जे लिहिले ते मागे घेतो. फ्युरीबद्दलचे एक अक्षरही घेणार नाही. प्रतिकृती करायचीच असेल, तर आधी दारे तिरप्या उन्हात पाहावीत, आणि खाली कोणाचे नाव दिसले तर घासपेपर खाली ठेवावा. एवढे जो पाळेल त्याच्याशी माझे भांडण नाही. आता एक वैयक्तिक चौकशी करतो, तिचा कृपया भलता अर्थ लावू नये. माझ्याकडे त्या काळातल्या पोलीस-गाडीच्या चाकांच्या साध्या, छोट्या टोप्या तीन आहेत. चौथी तुमच्या शेजाऱ्यांकडे जास्तीची असेल का?

शनिवारचा मेकॅनिक

आहे. पोचे आलेली आहे, पण आहे. शनिवारी या, मात्र येताना फूटपट्टी आणू नका.