मदत हवी आहे: फोटोकॅथोड १३० केल्विनच्या खाली जातच नाही

नमस्कार मंडळी, लॅब पुण्यातलीच आहे, नाव नको. फोटोकॅथोड (प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सोडणारा पृष्ठभाग) टेस्ट करायला छोटी २० केव्हीची डीसी इलेक्ट्रॉन गन बनवतोय, म्हणजे कॅथोड लिक्विड नायट्रोजनने थंड करायचा, त्यावर थ्रेशोल्डच्या जवळचा (इलेक्ट्रॉन जेमतेम बाहेर पडतील इतक्याच एनर्जीचा) लाल लेझर टाकायचा आणि बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनची आडवी एनर्जी मोजायची. थंड कशाला, तर ३०० केल्विनला केटी (तापमानामुळे असणारी एनर्जी) साधारण २५ मिलि-इलेक्ट्रॉनव्होल्ट, ७७ ला साडेसहा, आणि थ्रेशोल्डपाशी एमटीई (हीच आडवी एनर्जी, सरासरी) त्याच्यावरच येऊन टेकते, मग कॅथोड गरम राहिला तर मटेरियल कितीही भारी असो, कळणार कसं?

घोडं अडलंय ते कॅथोड उणे २० केव्हीवर आणि कोल्ड फिंगर (नायट्रोजनने थंड होणारा दांडा) ग्राउंडवर आहे म्हणून. मध्ये सफायरची चकती घातलीये, वीज अडवते आणि ८० केल्विनच्या आसपास उष्णता तांब्यापेक्षाही छान नेते. कागदावर झकास! प्रत्यक्षात कोल्ड फिंगर ८२ दाखवतंय आणि होल्डर १३० वर ठिय्या देऊन बसलाय (पीटी-१००, म्हणजे तापमानाचा सेन्सर, हाय व्होल्टेज बंद ठेवूनच वाचतो). रेडिएशन शील्ड आहे. जॉइंटला इंडियम फॉइल (मऊ धातू, बारीक फटी भरतो) घालावी तर बेकआउट (व्हॅक्यूमसाठी चेंबर तापवणं) १५० अंशांना आणि इंडियम वितळतं १५६.६ ला, आमच्या कंट्रोलरचा ओव्हरशूट बघता छाती होत नाही. गाइड म्हणतात स्क्रू अजून आवळ, भोसरीचा वर्कशॉपवाला म्हणतो चकती तडकेल. काय करू?

प्रतिसाद १:
भोसरीवाल्याचं ऐका. स्क्रूखाली बेलव्हिल (स्प्रिंगसारखे) वॉशर टाका, थंड झाल्यावरही दाब टिकतो. बेकआउट १२० ला जास्त दिवस चालवा, इंडियम सुखात राहील. पण आधी सांगा, हाय व्होल्टेजची वायर कसली आहे? इंचभर कॅथोडवर रेडिएशनने पाव वॉटसुद्धा येत नाही, आणि फीडथ्रूपासून (वायर चेंबरमध्ये शिरते तिथून) वीतभर लांबीची जाड तांब्याची तार आली तर तीच एकटी वॉटभर उष्णता आत ओतते. करंट नॅनो-मायक्रोअँपिअर, त्याला तांबं हवंय कशाला? बारीक स्टेनलेसची तार लावा. पीटी-१०० ला मँगॅनिनची (उष्णता कमी नेणारा मिश्रधातू).

धागाकर्ता:
दादा, तांब्याचीच आहे, २ एमएमची, माझ्या आधीच्या सीनियरने लावलेली, तिच्याकडे कुणी बघितलंच नाही. सोमवारी चेंबर उघडतो.

प्रतिसाद १:
उघडताय तर शील्ड कॅथोडच्या आधी थंड होईल असं बघा, नाहीतर उरलेल्या पाण्याच्या वाफेचा बर्फ थेट कॅथोडवर बसतो आणि सीझियमवाल्या थराची क्यूई (दर फोटॉनमागे किती इलेक्ट्रॉन निघतात ते प्रमाण) गेलीच म्हणून समजा.