जुनी लुगडी, धोतरं, साड्या, जीन्स... घरी काय काय शिवलंत? सविस्तर अनुभव लिहा

काजबटण, पुणे

नमस्कार मंडळी. ज्यांच्या घरात मशीन आहे किंवा नुसती सुईदोऱ्याची डबी आहे त्या सगळ्यांना आमंत्रण. शिवणाचे क्लास, व्हिडिओ हल्ली भरपूर आहेत पण बहुतेक सगळे "नवीन कापड दोन मीटर घ्या" इथून सुरू होतात. आपल्या घरांमधे शिवण सुरू व्हायचं ते जुन्या कापडापासून. विटलेलं पातळ, आजोबांचं धोतर, शर्टाची चांगली राहिलेली पाठ, आणि त्यातून झबली, दुपटी, गोधड्या, पिशव्या, अभ्रे. हे कसं करायचं ते फारसं कुठे लिहिलेलं नाही, ज्याच्या त्याच्या घरातल्या बायकांच्या हातात आहे, आणि ते लिहून ठेवायला हवं असं मला फार मनापासून वाटतं. म्हणून नुसतं "छान झालं" नको, कापड कुठलं, टाका कुठला, धुतल्यावर काय झालं तेही लिहा.

सुरुवात मी करते. बहिणीच्या बाळाचा बाळंतविडा मी घरीच शिवला. झबली सगळी आईच्या सुती साड्यांची, कारण वर्षानुवर्षं धुतलेल्या कापडातली खळ पार निघून गेलेली असते आणि ते नव्या मलमलीपेक्षा मऊ लागतं. अगदी सुरुवातीच्या झबल्यांना टिपा बाहेरच्या बाजूला ठेवल्या म्हणजे शिवणीची कड बाळाच्या अंगाला लागतच नाही. बघणाऱ्याला उलटं घातलंय असं वाटतं आणि ते तसं सांगतातही, पण काखेत आणि मानेला वळ उठत नाहीत. बटण एकही नाही, पुढून कापडी बंद, कारण मूल पाठीवर निजतं आणि मागची गाठ टोचते.

कुंची मात्र नव्या खणाची. गुळेदगुड्डचा हातमागाचा खण होता, पन्हा (रुंदी) कमी, त्यामुळे काठ कुठे येणार ते आधी ठरवून मगच कात्री लावायची. मी एक काठ चेहऱ्याभोवती घेतला, दुसरा मागच्या घोळाच्या खालच्या कडेला. खण अंगाला जरा कडक लागतो म्हणून आत धोतराचं अस्तर. नवीन कापडाचं अस्तर लावणार असाल तर ते रात्रभर भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच बेता, नाहीतर पहिल्या धुण्यात आकसतं आणि वरचा खण जागोजागी फुगतो. मोती, टिकल्या लावल्या नाहीत. फोटोत सुंदर दिसतात, मान्य, पण चार महिन्यांचं मूल हाताला येईल ते तोंडात घालतं.

आता तुम्ही लिहा.

दाभण, सातारा

आमच्याकडं गोधडीला वाकळ म्हणतात. सुगी उरकली की उन्हाळ्यात शिवायला काढायच्या आणि पावसाच्या आत संपवायच्या. मला सासूबाईंनी शिकवलं, आणि त्यांच्या हातचा टाका इतका सारखा होता की वाकळ उलटी केली तरी कुठली बाजू वरची ते सांगता यायचं नाही.

पद्धत लिहिते. खाली एक अखंड लुगडं ताणून पसरायचं, चारी कोपऱ्यांवर वजन ठेवायचं. त्याच्यावर फाटकी लुगडी, धोतरं, शर्टाचे तुकडे मांडायचे. हे मांडणं म्हणजेच अर्धं काम आहे, घाई केली तर सगळं बिघडतं, कारण एका जागी दोन कापडं आणि शेजारी चार असं झालं की तिथं गोळा होतो आणि पाठीला रात्रभर कळतं. शिवणीची जाड कड, बटणपट्टी, कॉलर आधीच काढून टाकायची. हाताचा तळवा फिरवून बघायचं, डोळ्याला दिसत नाही ते हाताला लागतं. मग वर दुसरं अखंड लुगडं आणि हातभर लांब टाक्यांनी सगळं कच्चं करून घ्यायचं. पक्का धावदोरा कडेपासून सुरू करायचा, चारी बाजूंनी फिरत फिरत आत मधोमध यायचं. दोन ओळीत बोटभर अंतर. लांब टाका घातला की काम लवकर होतं पण पोरांच्या पायाची बोटं त्यात अडकतात आणि दोरा तुटतो. चार थरांची वाकळ साध्या मोठ्या सुईनं होते, सात-आठ थर घेतले की दाभण लागतो आणि अंगुस्तान घातल्याशिवाय बसूच नये.

सिंथेटिक साडी आत घालायची नाही. सुती कापड एकमेकाला धरून राहतं, ती सरकती, घाम पीत नाही आणि वाकळ थंडीत गारच लागती.

माझ्या पलंगावरच्या वाकळेला वर सासूबाईंची हिरवी इरकल आहे. तिचा लाल टोपपदर मी कापला नाही, तो मधोमध येईल असं लुगडं दुमडून घेतलं. घटस्थापनेच्या आधी सगळ्या वाकळा धुवायच्या, आता नदीवर नाही नेत, गच्चीवर पाय देऊन धुतो आणि कडक उन्हात दोन दिवस टाकतो.

उरेबपट्टी, ठाणे

दाभण ताई, वाचून आजच कपाट उघडावंसं वाटलं. एक विचारायचं होतं, घरच्या मशीनवर गोधडी होते का? मी बाळासाठी छोटी घातलीये, तीन थरांचीच, पण टीप मारत गेलं की वरचं कापड पुढे पुढे सरकतं आणि शेवटाला चुणी पडते. दोऱ्याचा ताण म्हणजे टेन्शन कमीजास्त सगळं करून बघितलं.

तेलाचा थेंब, नागपूर

ठाणेवाल्या ताई, टेन्शनचा दोष नाही तो. मशीनचे दाते फक्त खालच्या कापडाला ओढतात, वरचं कापड फूटखाली, म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणाऱ्या पट्टीखाली, दाबलेलं असते म्हणून ते मागे राहते. वॉकिंग फूट नावाचा एक फूट मिळतो, त्याला वरूनही दाते असतात, तो बसवा, आपल्या मशीनला बसतो की नाही ते दुकानात फूटचा दांडा दाखवून विचारा. तो नाही मिळाला तर फूटचं प्रेशर कमी करा, टाका लांब करा, आणि कच्चे टाके जवळ जवळ घाला. टीप मधून सुरू करून बाहेर न्या म्हणजे जादा कापड कडेला निघून जाते. हातानं शिवताना कडेकडून आत आणि मशीनवर आतून कडेला, दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहे.

आता माझं सांगतो. आईची काळी पायमशीन वीसेक वर्षं बंद होती, एका ठिकाणी तर भंगारात द्या म्हणाले. मी मेकॅनिकल शिकलो आहे, मला ते पटलंच नाही. बिडाची बॉडी आहे, आत प्लास्टिक नाही, झिजण्यासारखं फारच थोडं आहे त्यात. बहुतेक अशा मशीनी जाम होतात त्या जुन्या तेलानं. कोणीतरी कधीतरी खोबरेल घातलेलं असते, ते वाळून चिक होऊन बसते. प्रत्येक सांध्यात मशीनचं पातळ तेल टाकायचं, तासभर थांबायचं, चाक हातानं हळूहळू फिरवायचं, परत तेल. खालच्या दोऱ्याचं शटल काढलं तर त्याच्या मागे इतका कापूस दाबून बसला होता की त्याचा पार नमदा झाला होता. तो चिमट्यानं काढला, नवा चामडी पट्टा टाकला, आणि मशीन अशी पळते की शेजारच्या खोलीत आवाज येत नाही.

शिकणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला की सगळे बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाला, दोष देतात, पण बहुतेक वेळा वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांमधे नीट बसलेला नसतो. फूट वर उचलूनच दोरा ओवा, फूट खाली असला की कितीतरी मशीनींच्या चकत्या घट्ट मिटलेल्या असतात. आणि सुई बदला हो! लोक सुई तुटेपर्यंत वापरतात. बोथट सुई टाके सोडते, कापडाचे धागे ओढते. साध्या सुतीला 14 नंबर, जीन्सला 16 किंवा 18, मलमलीला 11, टी-शर्टच्या कापडाला गोल टोकाची वेगळी सुई येते.

मी जीन्सच्या पिशव्या शिवतो, सायकलच्या कॅरिअरला लावायच्या. जिथे शिवण आडवी येते तिथे सहा-आठ पदर जमतात, तिथे आधी हातोडीनं ती जागा ठोकून चपटी करायची, मग मोटर-पायडल काही नाही, चाक हातानं फिरवत एक एक टाका न्यायचा.

सहावारी, मुंबई

सिंथेटिक नको हे गोधडीपुरतं एकदम मान्य, पण त्या साड्या टाकू नका. आईच्या नायलॉनच्या साड्यांच्या मी बाजाराच्या पिशव्या शिवते. 2018 ला राज्यात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली तेव्हा सुरू केलं ते अजून चालू आहे. मुठीएवढी घडी होते, पर्समधे राहते, भाजीचं पाणी लागलं तरी तासात वाळते. पट्टे वेगळे जोडू नका, पिशवीच्या अंगातूनच सलग कापा, बनियनला खांदे असतात तसे. आणि शिवण फ्रेंच सीम घ्या: आधी उलट्या बाजू आतल्या आत ठेवून सुलट्याकडून टीप, मग उलटवून ती कड आत मिटेल अशी दुसरी टीप. नायलॉनचे धागे फार सुटतात, असं केलं की एकही दिसत नाही. पाच किलो कांदे-बटाटे आरामात.

चौकट, न्यू जर्सी

इथे येऊन क्विल्टिंग शिकले, आणि शिकता शिकता गोधडीबद्दलचा आदर दुप्पट झाला. इथलं क्विल्ट म्हणजे वर तुकडे जोडून केलेला टॉप, मधे बॅटिंग म्हणजे कापसाचा किंवा पॉलिएस्टरचा तयार थर, खाली बॅकिंग. पाव इंचाची शिवण अगदी तंतोतंत, कारण एका ब्लॉकमधे (तुकडे जोडून केलेल्या चौकोनात) दोऱ्याएवढा फरक पडला तरी दहा ब्लॉक जोडल्यावर कोपरे जुळत नाहीत. कापड "फॅट क्वार्टर"मधे विकत घ्यायचं, साधारण 18 बाय 22 इंचाचे तुकडे. म्हणजे चांगलं नवं कापड तुकडे करण्यासाठी विकत आणायचं. मला ते मनापासून आवडतं, रंगांची शिस्त मी तिथेच शिकले, पण आपल्याकडची गरज वेगळी होती आणि त्यातून आलेलं सौंदर्य वेगळं आहे.

नंतर अलाबामातल्या जीज बेंडच्या बायकांची क्विल्ट्स प्रदर्शनात बघितली. शेतात घातलेले कामाचे कपडे, झिजलेल्या डेनिम, गुडघ्याच्या जागी गडद राहिलेले चौकोन, सगळं तसंच वापरलेलं, रेषा वाकड्या असतील तर वाकड्या. 2006 मधे त्यांच्यावर अमेरिकेत टपाल तिकिटं निघाली. त्या बायका आणि आपल्या आज्या, दोघींनी टाकाऊ कापडाकडे बघताना एकसारखाच विचार केलाय हे बघून मी त्या दालनात कितीतरी वेळ उभी होते.

मग मी आजीची दोन लुगडी मागवून घेतली आणि बॅटिंग न घालता, धावदोऱ्याने, कडेकडून आत अशी गोधडी घातली. 2025 मधे जोअ‍ॅन या कापड-शिवणसामानाच्या साखळीची सगळी दुकानं बंद झाली, आमच्या गावात कापड हातात घेऊन बघायची तीच एक जागा होती, त्यामुळे आता भारतातून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत माझ्यासाठी एखादी जुनी सुती साडी असते.

कवडी, बेळगाव

कडेकडून आत वरून आठवलं म्हणून लिहितो. आमच्या खालच्या बाजूला, हल्याळ-यल्लापूरकडे सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आणलेले, त्यातले बरेच गोव्यातल्या पोर्तुगीजांकडच्या गुलामीतून सुटून या जंगलात आले. तिथल्या बायका जी गोधडी घालतात तिला कवंदी म्हणतात. टॉप आधी जोडून घेत नाहीत, खालच्या साडीवर एका कोपऱ्यापासून एक एक तुकडा कड दुमडून ठेवायचा आणि शिवत जायचं, म्हणजे तुकडा जोडणं आणि थर शिवणं एकाच टाक्यात होतं. चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्या घालून केलेली फुलं लावतात आणि ती लावल्याशिवाय कवंदी पूर्ण झाली असं मानत नाहीत.

आईने आणि मी ह्या पद्धतीने एक करून बघितली. ज्यांना मशीन नाही, मोठं टेबल नाही, त्यांनी हीच धरावी असं माझं स्पष्ट मत आहे. मांडीवर घेऊन बसता येतं, आणि पुढचा रंग कुठला ते मागचा लागल्यावर ठरवायचं, आधी डिझाईन काढायला लागत नाही.

उरेबपट्टी, ठाणे

नागपूरकर दादा, मधून सुरुवात केली आणि चुणी गेली!! वॉकिंग फूट न लावताच. खूप खूप आभार. आता कुंची शिवायची आहे, काजबटण ताई माप काय घेऊ? बाळ तीन महिन्यांचं आहे. आणि खण सरकत नाही ना मशीनवर?

काजबटण, पुणे

अरे वा, मस्त! खण अजिबात सरकत नाही, पण कापल्या कापल्या धागे सुटतात, म्हणून आधी कडेने एक टीप मारून घे. माप असं घे: टेप एका जबड्यापासून डोक्यावरून दुसऱ्या जबड्यापर्यंत, ती झाली चेहऱ्याच्या पट्टीची लांबी. डोक्याचा घेर ह्या वयात साधारण 40 सेमी असतो पण तुझ्या बाळाचा मोजच, आणि वर चार-पाच सेमी सैल ठेव, महिन्या दोन महिन्यात डोकं वाढतं. पट्टी मागे मानेपाशी चुण्या घालून घोळाला जोडायची. चुण्या फक्त मागे, कानावर आल्या तर बाळ कुशीवर वळलं की टोचतात. घोळाची लांबी मानेपासून ढुंगणाखाली चार बोटं. नाडी आखूड ठेव, फक्त एक सुरगाठ बसेल एवढीच, आणि झोपवताना कुंची काढून ठेवायची. अस्तर जुन्या साडीचं घेतलंस तर भिजवायची गरज नाही, नवीन मलमल असेल तर आज रात्रीच पाण्यात टाक, उद्या बेतायला घे.